बाँड्सचं भांडण आणि लोफ्टनची जागा

प्रश्न असा आला आहे: "बॅरी बाँड्सच्या नावावर ७६२ होमरन आहेत, तरी तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाही. त्याच्याच संघातला जेफ केंट मात्र आत गेला. हे ठरवतं कोण आणि कशावरून? निवृत्त खेळाडूंपैकी तुमच्या मते कोण आत हवेत आणि कोण नकोत?"

होमरन म्हणजे आपला षटकार समजा. हॉल ऑफ फेम म्हणजे कूपर्सटाउन गावातलं बेसबॉलचं संग्रहालय, तिथे निवडलेल्यांचे फलक लागतात. आधी माझं मत कुठून येतं ते सांगतो. मी १९९४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत आलो. ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकासुद्धा रद्द झाली. मी बेसबॉल समजून घ्यायला बसलो तेव्हा बेसबॉलच बंद होता. पुढे मुलगा लिटल लीगमध्ये खेळायला लागला. त्याच्या संघाचं स्कोअरबुक लिहायला एकही पालक तयार होईना. कांगा लीगमध्ये भर पावसात वही पोटाशी धरून स्कोअर लिहिलेला माणूस मी, म्हटलं द्या इकडे. तेव्हापासून वीसेक वर्षं शाळा-कॉलेजांच्या सामन्यांचा स्कोअर लिहितोय, मधली काही वर्षं अंपायर म्हणूनही उभा राहिलो. आम्ही चार-पाच स्कोअरर दर डिसेंबरला जमून हॉल ऑफ फेमची नकली मतपत्रिका भरतो. खरं मत आम्हाला कोणी विचारत नाही. भांडणं मात्र अगदी खरी होतात.

खरं मत असतं बेसबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेला. दहा वर्षं सभासद असलेला पत्रकार मत देतो. खेळाडू किमान दहा सीझन खेळलेला आणि पाच वर्षं निवृत्त असायला हवा. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात आणि निवडून यायला ७५ टक्के मतं लागतात. पाच टक्क्यांच्या खाली गेलात तर पहिल्याच वर्षी बाद. वर राहिलात तर दहा वर्षं नाव फिरत राहतं. २०१४ पर्यंत ही मुदत पंधरा वर्षांची होती. तिथे जमलं नाही तर मागचं दार असतं, सोळा जणांची समिती. तिथे सोळापैकी बारा मतं लागतात. हा दहा नावांचा आणि पाच टक्क्यांचा नियम लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता बाँड्स. १९९८ चा सीझन संपला तेव्हा त्याच्याकडे ४११ होमरन, ४४५ स्टील (पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणं), आठ गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचा पुरस्कार) आणि तीन एमव्हीपी (वर्षातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) होते. चारशे होमरन आणि चारशे स्टील हे दोन्ही करणारा तो एकटाच. त्याच्यावरचे उत्तेजकांचे आरोप आहेत ते यानंतरच्या वर्षांचे. म्हणजे त्या दिवशी त्याने बॅट ठेवून दिली असती तरी तो पहिल्या फटक्यात निवडून आला असता. पुढे २००१ मध्ये ७३ होमरन झाले. २००४ मध्ये तर पिचर त्याला चेंडू टाकायलाच तयार नव्हते. त्या एका सीझनमध्ये २३२ वॉक (चार चेंडू आवाक्याबाहेर पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. त्या वर्षीचा त्याचा ऑन-बेस आकडा ०.६०९ आहे. दहा वेळा बॅटिंगला आला तर सहा वेळा बेसवर. स्कोअरबुकात असा आकडा दिसला असता तर मी आधी माझी बेरीज तपासली असती.

रॉजर क्लेमेन्सचं प्रकरण याच्या शेजारचंच. हा पिचर, म्हणजे गोलंदाज. ३५४ विजय, ४६७२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), सात साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार. २०२२ मध्ये दोघांचं दहावं आणि शेवटचं वर्ष होतं. बाँड्सला ६६ टक्के मिळाले, क्लेमेन्सला ६५.२. दोघेही बाहेर.

मतदारांना दिलेल्या नियमात एक कलम आहे. खेळाडूची कामगिरी बघा, आणि सोबत सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्यही बघा. या कलमाचं माझ्याशी कधी जमलं नाही, कारण ते लागू करणाऱ्यांनी आत कोणाला बसवलंय ते बघा. गेलॉर्ड पेरी चेंडूला काहीबाही चोपडायचा. त्याने ते खेळत असतानाच पुस्तक लिहून कबूल केलं, तरी १९९१ मध्ये तो आत गेला. कॅप अँसन कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला नकार द्यायचा. तो १९३९ पासून आत आहे. रेड सॉक्सचा मालक टॉम यॉकी याच्या संघाने सगळ्यात शेवटी, १९५९ मध्ये, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला. त्याचाही फलक तिथे आहे. आणि सगळ्यात मोठी गंमत २०१६ च्या डिसेंबरची. ज्याच्या कारकिर्दीत हे स्टेरॉइडचं सगळं घडलं तो कमिशनर, बड सेलिग, त्यालाच समितीने निवडून दिलं. त्यानंतर अनेक पत्रकारांनी सरळ सांगितलं की राखणदार आत असेल तर आम्ही चोरालाही मत देणार. एका वर्षात बाँड्सची मतं ४४.३ वरून ५३.८ टक्क्यांवर गेली.

माझी रेषा साधी आहे आणि ती अंपायरकीतून आलेली आहे. नियम लिहिलेला होता का, तो सांगितलेला होता का, आणि तो मोडल्याबद्दल पकडला गेला का? बेसबॉलमध्ये उत्तेजकांसाठी शिक्षेसह चाचणी सुरू झाली २००४ मध्ये. त्याआधी मालक, कमिशनर, खेळाडूंची संघटना, पत्रकार सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. १९९८ मध्ये मॅग्वायर आणि सोसा यांची होमरनची शर्यत चालू होती तेव्हा हेच पत्रकार टाळ्या वाजवत होते. म्हणून बाँड्स आणि क्लेमेन्स यांना माझं मत आहे. फलकावर सगळी हकिगत लिहा, पण फलक लावा. अॅलेक्स रॉड्रिगेझला मी मत देणार नाही. ६९६ होमरन आहेत, पण नियम झाल्यानंतर, चाचण्या सुरू असताना, त्याला २०१४ चा पूर्ण सीझन निलंबनात काढावा लागला. मॅनी रामिरेझ तर दोनदा अडकला. आमच्यातला एक जण म्हणतो, हा फरक वकिली आहे. असेल. पण रेषा कुठेतरी मारावीच लागते, आणि मला ती नियमपुस्तकावर मारलेली बरी वाटते, कुजबुजीवर नको.

पीट रोझबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतातच. ४२५६ हिट (चेंडू मारून बेस गाठणं), इतिहासात सर्वाधिक. मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक असताना स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या म्हणून १९८९ मध्ये कायमची बंदी आली. २००४ पर्यंत तो नाही म्हणत राहिला, मग कबूल केलं. दरवर्षी सोहळ्याच्या आठवड्यात तो कूपर्सटाउनच्या मेन स्ट्रीटवर दुकानात बसून पैसे घेऊन सह्या द्यायचा, हॉलपासून हाकेच्या अंतरावर. २०२४ च्या सप्टेंबरअखेर तो गेला. २०२५ च्या मे महिन्यात कमिशनर मॅनफ्रेड यांनी निर्णय दिला की कायमची बंदी माणूस मेल्यावर संपते. त्यामुळे रोझ आणि १९१९ च्या विकलेल्या वर्ल्ड सिरीजमधला शूलेस जो जॅक्सन, दोघांचीही नावं आता समितीपुढे येऊ शकतात. जुन्या काळाच्या समितीची पुढची बैठक डिसेंबर २०२७ मध्ये आहे.

मी रोझला मत देणार नाही. स्टेरॉइड घेणारा जिंकण्यासाठी फसवतो. पैज लावणारा मॅनेजर ज्या दिवशी पैज लावत नाही, त्या दिवशीच्या सामन्याबद्दलही संशय निर्माण करतो. मी बेसवर उभा राहून निर्णय दिले आहेत. चुकीच्या निर्णयावरून शिव्या खाव्या लागतात, ते ठीक आहे. पण समोरच्या बाकड्यावरच्या माणसाचे पैसे आजच्या निकालात अडकलेत का, असा विचार मनात आला की खेळच उरत नाही. शिवाय हा नियम प्रत्येक ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावलेला असतो.

इथपर्यंतची भांडणं तुम्ही कुठेही ऐकाल. टीव्हीवर, बारमध्ये, मुलांच्या सामन्यात कुंपणाला टेकून. पण बाँड्सच्या भांडणाची किंमत बाँड्सने फारशी मोजलेलीच नाही, आणि मला खरं त्याबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ज्या चेंडूवर त्याने आधीचा विक्रम मोडणारा ७५६ वा होमरन मारला तो चेंडू हॉलच्या संग्रहालयात आहेसुद्धा, फक्त त्यावर शंकेची एक तारांकित खूण डागलेली आहे. किंमत मोजली ती दुसऱ्यांनी.

२०१३ ची मतपत्रिका आठवा. बाँड्स, क्लेमेन्स, सोसा, पियाझा, बिजिओ, शिलिंग हे सगळे त्या वर्षी पहिल्यांदा आले. आधीपासून बॅगवेल, रेन्स, एडगर मार्टिनेझ, लॅरी वॉकर, ट्रॅमेल, मॉरिस, मॅग्वायर, पाल्मेरो रांगेत होतेच. जागा दहा. काही पत्रकार बाँड्सला मत देणार, काही मरेपर्यंत देणार नाहीत, त्यामुळे तो ना आत जाणार ना बाहेर पडणार. नुसता जागा अडवून बसणार. त्या वर्षी पत्रकारांनी एकालाही निवडलं नाही. जुलैच्या सोहळ्यात समितीने निवडलेल्या तिघांचे फलक लागले, आणि ते तिघेही सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी वारलेले होते.

त्या गर्दीत केनी लोफ्टनला ५६९ पैकी १८ मतं पडली. ३.२ टक्के. पहिल्याच वर्षी बाद.

लोफ्टन कोण? १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षं अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) सर्वाधिक स्टील करणारा क्लीव्हलँडचा सेंटर फील्डर. एकूण ६२२ स्टील, २४२८ हिट, चार गोल्ड ग्लव्ह. कॉलेजात तो बास्केटबॉल खेळायचा, अॅरिझोनाच्या संघातून फायनल फोरपर्यंत, म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. १९९५ च्या प्लेऑफमध्ये सिअॅटलमध्ये रँडी जॉन्सन पिच करत होता. कॅचरच्या हातून चेंडू निसटला आणि लोफ्टन सेकंड बेसवरून थेट होमपर्यंत धावत आला. एका निसटलेल्या चेंडूवर दोन बेस! नव्वद फूट नव्हे, एकशे ऐंशी. स्कोअरबुकात त्याची नोंद फक्त 'पास्ड बॉल' अशी दोन शब्दांची होते. मी मुलांना स्कोअर लिहायला शिकवतो तेव्हा हा प्रसंग सांगतो, कारण वहीत जे मावत नाही ते काय असतं ते त्यातून कळतं.

आता कबुली. २०१३ च्या आमच्या नकली मतपत्रिकेवर मीही लोफ्टनचं नाव लिहिलं नव्हतं. दहा जागा भरल्या होत्या. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी बघू, हा कुठे जातोय. पुढचं वर्ष आलंच नाही. खऱ्या मतदारांपैकी कितीतरी जणांनी नेमका हाच हिशेब केला असणार. आपल्याकडे पद्माकर शिवलकर ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊन एकही कसोटी न खेळता राहिले, कारण त्याच काळात बेदी होते. लोफ्टनचं तसंच झालं, फक्त मैदानावर नव्हे, कागदावर.

लू व्हिटेकरची गोष्ट थोडी वेगळी आणि मला जास्त खुपणारी. डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन. ९ सप्टेंबर १९७७ ला बोस्टनमध्ये तो आणि शॉर्टस्टॉप अॅलन ट्रॅमेल एकाच सामन्यात पदार्पण करतात, आणि एकोणीस सीझन शेजारी शेजारी उभे राहतात. दोघांनी मिळून खेळलेल्या १९१८ सामन्यांचा अमेरिकन लीगमध्ये विक्रम आहे. ट्रॅमेल २०१८ मध्ये आत गेला, समितीच्या मतांवर. व्हिटेकर २००१ मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्क्यांवर बाद. तेव्हा तर स्टेरॉइडची गर्दीही नव्हती.

मग कारण काय? त्या काळी मतदार बघायचे तीन हजार हिट, पाचशे होमरन, तीनशे विजय. व्हिटेकरकडे २३६९ हिट, २४४ होमरन आणि ११९७ वॉक होते. वॉक कोण मोजतंय? आज 'वॉर' नावाचा आकडा आहे. एखाद्या कामचलाऊ बदली खेळाडूच्या जागी हा माणूस खेळला म्हणून संघाने किती सामने जास्त जिंकले, त्याचा तो अंदाज. बॅटिंग, बेसवरची धाव, फील्डिंग, कोणत्या जागेवर उभा होता, सगळं त्यात येतं. व्हिटेकरचं वॉर ७५ च्या आसपास आहे. हॉलमध्ये बसलेल्या सेकंड बेसमनची सरासरी यापेक्षा कमी भरते. आणि ज्या हॅरॉल्ड बेन्सला समितीने डिसेंबर २०१८ मध्ये निवडलं, त्याचं ३९ च्या आसपास. बेन्सच्या समितीत त्याचा जुना मॅनेजर होता आणि त्याच्या जुन्या संघाचा मालकही. बेन्स चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण समितीत आपली माणसं असणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला मी वेगळं समजावून सांगायला नको.

वॉर म्हणजे देववाणी नव्हे, हेही सांगतो. जुन्या काळातल्या फील्डिंगचा हिशेब त्यात बराच अंदाजाने होतो, आणि स्कोअररने 'हिट' लिहायचं की 'एरर' यावरही पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. तो लिहिणारा मी असेन तर विशेषच. तरी डोळ्याला न दिसणारं काम तो दाखवतो. बर्ट ब्लायलेव्हनला याचा फायदा झाला. ३७०१ स्ट्राइकआउट असूनही १९९८ मध्ये त्याला १७.५ टक्के मिळाले होते, कारण विजय २८७ वर थांबले. दुबळ्या संघात खेळणाऱ्या पिचरचे विजय त्याच्या हातात नसतात, हे लोकांना पटायला तेरा वर्षं लागली आणि २०११ मध्ये तो निवडून आला. टिम रेन्स, एडगर मार्टिनेझ, लॅरी वॉकर हे तिघे तर अगदी दहाव्या, शेवटच्या वर्षी गेले. अँड्र्यू जोन्सला २०१८ मध्ये ७.३ टक्के होते, जानेवारी २०२६ मध्ये तो कार्लोस बेल्ट्रानबरोबर निवडून आला. ही सगळी माणसं पाच टक्क्यांच्या वर तगली म्हणून त्यांच्याबद्दल नव्याने विचार करायला वेळ मिळाला. व्हिटेकर आणि लोफ्टनला तो मिळाला नाही.

आता केंटकडे येतो. सेकंड बेसवरून ३५१ होमरन, त्या जागेवरचा विक्रम. २००० मध्ये एमव्हीपी झाला तो जायंट्समध्ये बाँड्सच्या मागे बॅटिंगला येत असताना, म्हणजे बेसवर बरेचदा बाँड्स उभा असायचा. दोघांचं पटायचं नाही, २००२ मध्ये डगआउटमध्ये कॅमेऱ्यासमोर धक्काबुक्कीसुद्धा झाली. डिसेंबर २०२५ मध्ये समितीपुढे आठ नावं होती आणि केंटला सोळापैकी चौदा मतं मिळाली. बाँड्स आणि क्लेमेन्स यांना पाचपेक्षा कमी. नव्या नियमाने पाचाच्या खाली गेलेल्यांचं नाव पुढच्या खेपेला येत नाही, आणि असं दोनदा झालं की कायमचं बंद.

केंटवर माझा राग नाही, माझ्या यादीत तो काठावर बसतो. पण त्या आठ नावांत व्हिटेकर नव्हता, लोफ्टनही नव्हता. पुन्हा तेच. ज्यांना मत मिळणारच नव्हतं त्यांनी दोन खुर्च्या अडवल्या, आणि ज्यांच्याबद्दल खरोखर चर्चा व्हायला हवी होती ते दाराबाहेर. समितीतल्या प्रत्येकाकडे मतंही फक्त तीन असतात.

तर माझी यादी विचारलीत म्हणून: व्हिटेकर पहिला, लोफ्टन दुसरा, मग बाँड्स आणि क्लेमेन्स. रॉड्रिगेझ, रामिरेझ, रोझ नकोत. जॅक्सनबद्दल आमच्या मंडळात मी एकटा पडतो. त्या सिरीजमध्ये त्याने ०.३७५ ने बॅटिंग केली हे खरं, पण त्याने पैसे घेतले होते, म्हणून माझं मत नाही. नियम बदलायचा अधिकार मिळाला तर एकच बदलेन, पाच टक्क्यांची अट पहिली तीन वर्षं लावायची नाही.

घाई का करायची, असं काही जण म्हणतात. रॉन सँटो डिसेंबर २०१० मध्ये वारला आणि डिसेंबर २०११ मध्ये निवडला गेला. डिक अॅलन दोनदा एकेका मताने हुकला, मधल्या काळात वारला आणि २०२४ च्या डिसेंबरात निवडला गेला. त्याच्यासोबत निवडलेला डेव्ह पार्कर सोहळ्याच्या महिनाभर आधी गेला. बक ओनीलला २००६ मध्ये निग्रो लीगच्या (कृष्णवर्णीयांच्या जुन्या वेगळ्या लीग) खास समितीने वगळलं. निवडलेल्या सतरा जणांच्या वतीने कूपर्सटाउनला जाऊन तो ९४ वर्षांचा माणूस हसत बोलला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. त्याचा फलक २०२२ मध्ये लागला.

१९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला व्हिटेकर स्वतःचा गणवेशच विसरून आला होता. स्टेडियममधल्या दुकानातून टायगर्सचा शर्ट घेतला, पाठीवर मार्करने १ आकडा काढला आणि तसाच खेळला. तो शर्ट आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. समकालीन खेळाडूंच्या समितीची पुढची बैठक डिसेंबर २०२८ मध्ये आहे. व्हिटेकर तेव्हा ७१ वर्षांचा असेल.